कॉम्प्युटरच्या पोटातली पूजा

आमच्या कासारवाडीच्या घरातला कॉम्प्युटर वीस वर्षांचा आहे. यंत्रांच्या जातीत हे वय म्हणजे शंभरीपार. तो घरी आला त्या दिवशी आईनं त्याला औक्षण केलं होतं. त्याच्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती, मॉनिटरवर क्रोशाचं झाकण होतं आणि बघायला येणाऱ्या शेजाऱ्यांना चहा होता. त्याच्यासमोर मी अशा थाटात बसायचो, की बघणाऱ्याला वाटावं हा विमान चालवतोय. प्रत्यक्षात मी पत्त्यांचा डाव लावत असायचो.

पुढे तो म्हातारा होत गेला आणि आम्ही त्याचे वैद्य. तापला, की बाजूचा पत्रा काढून शेजारी टेबलफॅन लावायचा. तारीख विसरायला लागला, की आतला बटणाएवढा सेल बदलायचा. बोंबलायला लागला, की मेमरीची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे. ही विद्या माझी. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. त्यांच्या मते जगात रोग दोनच, धूळ आणि सैल नट.

आता मी चऱ्होलीला राहतो आणि तो कॉम्प्युटर आई वापरते. आई ब्लाउज शिवते. गल्लीतल्या बायकांची मापं पूर्वी वहीत असायची. "आई, वही हरवते, कॉम्प्युटर हरवत नाही," असं मीच तोऱ्यात सांगून तिला टायपिंग शिकवलं. त्या मापांची आणखी एक प्रत कुठेतरी ठेवावी, हे मात्र माझ्या हुशार डोक्यात कधी आलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी आईचा फोन आला. "तो बोंबलतोय. आत्ताच्या आत्ता ये."

गेलो. पडदा काळा, आणि डब्यातून लांबच लांब शिट्ट्या. गळ्यात टेप घालून आई कापडाच्या गठ्ठ्याशेजारी उभी. समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर होतं आणि नवरीच्या आईचे ब्लाउज बेतायचे होते.

"एवढंच ना? समोर राहतात. परत माप घे," मी म्हणालो.

"नाही घेणार."

"मापाचा जुना ब्लाउज माग की," बाबा म्हणाले.

"जुना चालत नाही तिला. तुम्ही दोघं मशीन बघा. बायकांच्या कामात नाक खुपसू नका."

आम्ही मशीन बघू लागलो. "आधी सप्लाय," बाबांनी हुकूम सोडला. प्लग पाहिला, वायर हलवली, बटण दाबलं. सप्लाय ठणठणीत. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तसे बाबा एकदम मवाळ झाले.

"उघडायचं कशाला उगाच? शिट्टी वाजती म्हणजे स्पीकर बिघडला असंल."

चाळीस वर्षांत बाबांनी एकही यंत्र न उघडता सोडलेलं नाही. माझा संशय बळावला. पत्रा काढला आणि आत बघतो तो काय, साग्रसंगीत पूजा! पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, बोर्डावर अक्षता, आणि मेमरीच्या पट्टीला ठसठशीत हळदी-कुंकू. ओघळून खाचेत उतरलेलं आणि तिथेच वाळलेलं.

"बाबा, हे काय?"

"खंडेनवमी."

"ती बाहेरून करतात!"

"आमच्या कंपनीत कधी पत्र्याला कुंकू लावलं न्हाई. स्पिंडलला लावायचं, मोटरला लावायचं. जे राबतंय त्याची पूजा. झाकणाची कसली?"

धर्मशास्त्र त्यांच्या बाजूनं होतं.

"पण ओलं?"

"गंध काय कोरडं लावत्यात व्हय? आन् प्लग काढून लावलंय. फिटर हाय मी."

आता आई तोफ डागणार म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. पण ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पावसाळ्यात तिचं ऑपरेशन झालं. एक बाजू काढली. दार लावून मी माप घेतलं, तर टेप लागल्याबरोबर रडायला लागली. म्हणाली, हे आता परत नको. मी शब्द दिलाय, परत टेप लावणार नाही."

(ती बाई आता महिला मंडळात उभी राहून हे स्वतः सांगते आणि बाकीच्यांना कॅन्सरच्या तपासणीला पाठवते, म्हणून मी लिहितोय.)

बाबांनी चष्मा लावला. मग आमच्यापैकी कोणी थट्टा केली नाही. त्यांनी रंगाचा कोरडा ब्रश आणला, पंख्याच्या पात्याखालून तांदळाचा दाणा टाचणीनं काढला. मी पट्टी घासली, पुसली, खाचेत बसवली. शिट्टी. परत काढली, परत घासली. परत शिट्टी. आई खाली बघत टेपची गुंडाळी करत होती आणि सोडत होती.

"शेजारची खाच रिकामी हाय न्हवं?" बाबा म्हणाले. "तिला गंध लावलं न्हवतं. एक जागा झिजली, की आमी दुसऱ्या जागी बसवायचो."

पट्टी शेजारच्या खाचेत बसवली. बाबांनी बटण दाबलं. एकच शिट्टी झाली, आखूड, आणि पडदा उजळला.

मी टाळ्या पिटणार होतो. आई म्हणाली, "बाहेर व्हा दोघं."

बाळंतिणीच्या खोलीबाहेर पुरुष उभे राहावेत तसे आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. आतून मग कात्री चालल्याचा आवाज आला.

लग्नात नवरीची आई जांभळ्या ब्लाउजमध्ये सगळीकडे मिरवत होती, हात उंचावून लोकांना जेवायला हाका मारत होती. पंगतीत आई माझ्या कानाशी लागली. "खरं सांग, कोणाचं लक्ष जातंय का रे तिच्या ब्लाउजकडे?"

मी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. "कोणाचंही नाही."

"बघ," आई म्हणाली, आणि तिनं वाढप्याकडून आणखी एक जिलबी मागून घेतली.