कल्याणला नेऊन पुरा

मला आमच्या गावचा माजी सरपंच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं मनात अढी ठेवून लिहिलंय. अढी आहेच. लहानपणापासून आहे आणि मी मातीत जाईपर्यंत राहील.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून. गावात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून वेशीच्या आत कुणी बोलावलं नाही. वेशीबाहेरचे ते वेशीबाहेरचेच राहिलो, फक्त घरात एक क्रूस आला. गावाच्या मावळतीला दगडी भिंत घातलेली आमची दफनभूमी आहे. गाव तिला किरिस्तावाचं मसण म्हणतं. कागदावर ती जागा गायरान आहे, कारण बाप पुरताना कुणी कागद करत बसत नाही. आजोबा तिथं आहेत, वडील तिथं आहेत, आणि वडलांच्या उजव्या हाताची जागा आईनं स्वतःसाठी राखून ठेवलेली. दर रविवारी प्रार्थना झाली की ती खुरपं घेऊन तिथलं गवत काढायला जायची. अंथरुणाला खिळल्यावर मला पाठवायची आणि परत आले की एकच विचारायची, "माझी जागा हाय ना गं?"

आई जायला टेकली आणि त्याच सुमाराला हायवे रुंद झाला. मसणाची भिंत ऐन रस्त्यावर आली. माजी सरपंचाला तिथं अचानक देव दिसायला लागला. सभामंडप बांधायचा, म्हणाला, आणि सभामंडपाच्या पुढं रस्त्याच्या बाजूनं गाळे. देवाला गाळे कशाला लागतात, असं मी विचारलं. त्याच्या भोवतीची पोरं माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी देवळात चप्पल घालून आले होते.

मी केजच्या कॉलेजात इतिहास शिकवते. त्याआधी बरीच वर्षं कल्याणला काढली. दीड हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं नोंदवून ठेवलंय, की कल्याणला ख्रिस्ती लोकांचा एक बिशप आहे आणि तो इराणातून नेमला जातो. झालं, एवढंच. त्यांची घरं कशी होती, बोलत काय होते, मेले तेव्हा नेले कुठं, काही नाही. काही विद्वान तर म्हणतात की ते कल्याण हे नव्हेच. त्या एका वाक्यामागं मी माझं तरुणपण घातलं.

कल्याणला खणायला जागा कुठंय? जुन्या बंदरावर शहर बसलं, त्या शहरावर दुसरं बसलं. कुठं इमारतीचा पाया खणतायत असं कळलं की मी खुरपी आणि ब्रश घेऊन धावायची. वॉचमन हाकलून द्यायचे. एका सुपरवायझरनं तर मी खड्ड्यात बसलेली असताना वरून मोटारीचं पाणी सोडलं. मिळालं काय? तेल नि दारू ज्यांतून यायची त्या परदेशी सुरयांच्या मुठी. काचेचे मणी. माशांची हाडं. म्हणजे बंदर होतं, बाहेरची माणसं येत होती. आपल्या तेर-पैठणचं कापड घाट उतरून अशाच बंदरांत जायचं. पण क्रूस सापडला नाही, चर्चचा चौथरा सापडला नाही, आणि मुख्य म्हणजे कबर सापडली नाही. एका बैठकीत नाकानं कांदे सोलणाऱ्या एका गृहस्थांनी मला तोंडावर सांगितलं, "बाई, आधी कबर दाखवा, मग वस्तीचं बोला." मला त्यांचा भयंकर राग आला, आणि राग येण्याचं कारण हेच की त्यांचं बरोबर होतं.

तिथं एक गोष्ट मात्र हाताला कायमची लागली. एकदा उकरलेली माती पुन्हा कधी पहिल्यासारखी होत नाही. वर्षं लोटली, वर गवत आलं, तरी खुरपीखाली ती वेगळी लागते. भुसभुशीत असते, रंग मिसळलेला असतो, आणि खड्ड्याची कड सरळ दिसून येते.

माजी सरपंचानं आताच्या सरपंचाकरवी ग्रामसभा लावली ती दिवाळीनंतर. हे त्याचं डोकं. दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. पार शिरूर कासारपासून इकडची कोयत्याची माणसं ट्रॅक्टरात संसार भरून ऊस तोडायला कारखान्यांवर निघून जातात. आमच्या घरांतलीही गेलेली. मागं राहिले म्हातारे, आई, मी आणि माझा चुलतभाऊ, ज्याची कंबर धरल्यामुळं त्याला टोळीत कुणी घेतलं नव्हतं. शाळेच्या पटांगणात समोर सगळी त्याचीच माणसं.

"ही लोकं कवा आली?" तो उभा राहून म्हणाला. "इंग्रज आला, त्यानं पावाचा तुकडा टाकला, ही बाटली. इंग्रज गेला. आता जागा सोडायला काय हरकत हाय?"

मी उठले. म्हटलं, इथं इंग्रज नव्हता, इथं निजाम होता, आधी शाळेतलं पुस्तक वाचा. तिथं थांबले असते तर बरं होतं. पण माझी जीभ एकदा सुटली की लगाम नाही. मी कल्याण काढलं. दीड हजार वर्षांपूर्वी या मुलखाच्या बंदरात ख्रिस्ती लोक होते म्हटलं, इंग्रजाचा पणजोबा जन्मला नव्हता तेव्हा होते. बिशप सांगितला, इराण सांगितलं. वर्गात बोलावं तशी बोलले. त्यानं मला पोटभर बोलू दिलं. पानाची पिंक टाकून आला आणि मग म्हणाला, "म्हंजी म्याडम, तुमचं मूळ गाव कल्याण. लई ब्येस झालं. मंग म्हातारीला बी कल्याणलाच नेऊन पुरा की. हितं कावून गर्दी करता?"

पटांगण हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आयुष्यभराची विद्या मी त्याच्या हातात दिली आणि त्यानं तीच माझ्या डोक्यात घातली.

दुसऱ्या दिवशी आईला चहा पाजताना सगळं सांगितलं. ती माझ्यावरच उखडली. "कल्याण कशाला काढलंस? मसणाच्या भितीच्या आतलं काढायचं. त्याच्या मायचं पयलं लेकरू कुठं हाय, इचार त्याला."

मग तिनं जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्याकडं हिंदू माणूस जाळतात, पण दात न आलेलं लेकरू पुरतात. गावची जमीन हातभर खोल गेलं की खडक; ओढ्याकाठी पुरावं तर कुत्री उकरून काढायची. खोल माती आणि भिंत फक्त आमच्या मसणाला. म्हणून उसावरून परतलेल्या बाया मेलेलं लेकरू पदराखाली घेऊन दिवेलागणीला माझ्या आजोबांकडं यायच्या. आजोबा खड्डा खणून द्यायचे आणि वर ना दगड, ना क्रूस. वेशीबाहेरच्यांच्या मसणात आपलं रक्त ठेवलंय हे कुणी सकाळी बोलत नसे. माजी सरपंचाचा बाप टोळीचा मुकादम होण्याआधी त्याची आई कोयता घेऊन जायची. तिचं थोरलं पोर, म्हणजे या माजी सरपंचाचा भाऊ, आमच्या भिंतीच्या आत होता.

मी तशीच उठले आणि त्याच्या ओसरीवर गेले. पाच-सहा माणसं चहा पीत बसलेली. उंबऱ्याच्या आत त्याची म्हातारी आई तूर निवडत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"कल्याणचं राहू द्या," मी म्हटलं. "तुमचा थोरला भाऊ आमच्या मसणात आहे. माझ्या आजोबांनी पुरला. त्याच्यावर कोणता गाळा बांधणार? किराणा की मोबाइल?"

तो उभा राहिला. तोंड काळंठिक्कर पडलं. "म्याडम, बाई हाय म्हणून गप हाय," एवढंच म्हणाला. आत तूर निवडायचा आवाज थांबला होता. म्हातारीनं ते खोटं म्हटलं नाही, आणि ते ओसरीवरच्या प्रत्येकानं पाहिलं. मी जिंकून आल्यासारखी घरी आले.

कुठलं जिंकणं! आठवड्याच्या आत मसणाच्या उगवतीच्या कोपऱ्यात एक दगड उभा राहिला. दगडाला शेंदूर, शेंदरापुढं नारळ, बाजूला भगवं निशाण. माझ्या भावाची समाधी, तो गावभर सांगत सुटला. आमचं रक्त हाय तिथं, आमचा हक्क हाय. आमच्याकडं कुठल्याही दगडाला शेंदूर फासला की तो दगड कुणाच्या बापाला हलवता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक. त्यावर पत्रा आला. मग शेजारच्या चार कबरींचे क्रूस "साफसफाईत" आडवे झाले. माझंच वाक्य घेऊन तो भिंतीच्या आत शिरला होता. त्या दिवसांत मी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

आणि मग जेसीबी आला. वडलांची ओळ सपाट करायची, समाधीला प्रदक्षिणेची वाट हवी. आई घरात विचारत होती, जागा हाय ना, आणि मी भिंतीतल्या फाटकाला पाठ लावून उभी होते. चुलतभाऊ माझ्या शेजारी काठी टेकून. ड्रायव्हर विडी ओढत साहेबांची वाट बघत होता. माजी सरपंच गाडीतून उतरला तेवढ्यात मागून त्याची आई चालत आली. पायात चप्पल नाही, हातात अजून सूप. गावातून इतकं अंतर ती कित्येक वर्षांत चालली नसेल.

तिनं शेंदराच्या दगडाकडं बघितलं. "ह्यो कुणाचा?"

"माय, आपल्या दादाचा."

"त्यो हितं न्हाई."

"मंग कुठं हाय? सांग, तिथं बांधू."

"सांगितलं तर तिथं बी दगड रोवशील," म्हातारी म्हणाली. "मी न्हाई सांगायची. ह्या भितीच्या आत हाय. सगळीकडं हायच समज, आन् कुठंच खणू नको. खणलंस तर आईचं रक्त उकरलंस."

माणसं जमली होती, त्याचीच माणसं. आईच्या तोंडची अशी आण मोडून लेकानं मशीन घातलं असतं तर पुढच्या निवडणुकीत त्याला कुत्रं विचारलं नसतं. त्यानं ड्रायव्हरला हात केला. जेसीबी परत गेला. जाताना माजी सरपंच माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्ये संपलं न्हाई." मी म्हटलं, "मला माहीत आहे." त्याची कीव वगैरे मला आली नाही.

आई त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. टोळ्या अजून उसावर होत्या. खड्डा खणायला माणूस नाही. चुलतभाऊ पाट्या ओढायला तयार, पण कुदळ त्याच्यानं होईना. मी पदर खोचला आणि वडलांच्या उजव्या बाजूला खणायला लागले. रीतीप्रमाणं बाजूला बसून रडायचं ते मला जमलं नाही. रागानं खणत होते. वर्षानुवर्षं परक्यांच्या कबरी शोधल्या, एक मिळाली नाही, आणि आता स्वतःच्या आईची करायची.

कमरेइतकं खाली गेल्यावर उजव्या अंगाला माती बदलली. भुसभुशीत, मिसळलेली. कुदळ टाकली. कल्याणची खुरपी अजून माझ्या पिशवीत असते; ती काढली, गुडघ्यावर बसले आणि बोटानं, फुंकरीनं माती सारली. काळे आणि पांढरे मणी होते. बाळाच्या मनगटावर दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ते. दोरा कधीच गेलेला, पण मणी एवढ्याशा गोलात तसेच पडलेले.

आई दर रविवारी कुणाचं गवत काढत होती, ते मला तेव्हा कळलं. मी ओक्साबोक्शी रडले. मग मणी होते तसे झाकले, माती दाबून घट्ट केली आणि आईचा खड्डा हातभर डावीकडं, वडलांच्या बाजूला सरकवला.

माजी सरपंच भिंतीशी येऊन उभा होता. मातीला आला होता. गावात राहायचं तर मातीला यावं लागतं, वैऱ्याच्याही. मी खड्ड्यातून वर आले तेव्हा त्यानं विचारलं, "काय गावलं काय? खुरपं कावून काढलं?"

"माती," मी म्हटलं.

बीडहून पाळक आले, प्रार्थना झाली, आईला खाली सोडलं. एकेक जण मूठ टाकून बाजूला होऊ लागला. त्याची म्हातारी लेकाचा हात धरून पुढं आली. खड्ड्याकडं बघितलं, मग वडलांच्या कबरीकडं, मग खड्डा जिथं असायला हवा होता त्या दाबलेल्या ओल्या मातीकडं. माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

तिनं एक मूठ आईवर टाकली. दुसरी मूठ भरली, वाकली आणि खड्ड्याच्या उजवीकडं, त्या मोकळ्या जमिनीवर हळूच सोडली. तळहात तिथंच टेकवून ठेवला.

तिचा हात चुकला असं लेकाला वाटलं. "माय, तिथं न्हाई," तो तिला उठवत म्हणाला, "हिकडं टाक की, खड्ड्यात."