चष्म्यातलं आभाळ
स्पिरिटचा वास आला की मला नाशिकच्या कॉलेज रोडवरचा तो दवाखाना आठवतो. अर्धशिशीने बेजार झालेल्या माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या कपाळाला तारा चिकटवून डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला होता. तारा मेंदूचा ताण मोजतात आणि मेंदू शांत झाला की चष्म्यात दिसणारं ढगाळ आभाळ निवळतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. थोड्या वेळाने तिची मान कलली आणि बोटं सैल पडली. शुद्ध हरपली असेल, या भीतीने मी तिचा हात गच्च धरून हाक मारली. "पप्पा, सोडा ना! आत्ता कुठे निवळलं होतं, आले परत ढग," ती वैतागली. "पुढचा नंबर पप्पांचा," डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही. आजही ती डोळे मिटून बसली, की मी हात मागे बांधून दारातूनच तिचा श्वास बघत राहतो.