अड्डाईचं छप्पर आणि पोकुआची बीजं

आमच्या कुमासी शहरात सगळ्यांचीच घरं रखडतात. पैसे आले की भिंत चढते, संपले की भिंतीवर गवत उगवतं. त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. पण अड्डाई नावाच्या माणसानं अशाच रखडलेल्या घराच्या नावाखाली एका बाईला आठ वर्षं ताटकळत ठेवलं, ते मला अजून पचत नाही.

ती बाई म्हणजे पोकुआ, माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. आमच्यात अशीला मावसबहीण म्हणत नाहीत, बहीणच म्हणतात. सुआमेच्या रस्त्यावर तिचं छपराच्या पत्र्यांचं दुकान आहे. अर्धा मोहल्ला तिच्या पत्र्यांखाली झोपतो आणि तिचंच लग्न नवऱ्या मुलाच्या घराला छप्पर नाही म्हणून अडलेलं. पत्रे मी देते, असं ती त्याला किती वेळा म्हणाली. त्यावर तो छाती फुगवून सांगायचा की पुरुषानं स्वतःच्या कमाईचंच छप्पर घालावं. त्याच कमाईतून त्यानं मोटार मात्र दोनदा बदलली.

दुसरे शहाणे म्हणजे ओपोन्गमामा, आमच्या घराण्याचे कर्ते. आमच्याकडे मूल आईच्या घराण्याचं, त्यामुळे भाच्यांच्या पोटावर मामांची नजर. पोकुआ पंचविशीत असताना एका शाळामास्तरानं तिला मागणी घातली होती. पोरीचं दुकान आत्ता कुठे उभं राहतंय, असं म्हणून मामांनीच त्याला वाटेला लावलं. तीच पोर सदतिशीची झाल्यावर मामांना घराणं आठवलं. दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या मयताला बसले की चारचौघांत म्हणायचे, सेवाआची फांदी वाळली. सेवाआ म्हणजे माझी मावशी, पोकुआची आई. ती काळं नेसून शेजारीच बसलेली असायची. माझी तीन पोरं समोर धुडगूस घालत असायची, पण ती त्यांच्या हिशेबात नव्हती.

या सगळ्याला कंटाळून पोकुआ एक दिवस मला घेऊन डॉक्टर नार्टेबाईंकडे गेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. नार्टेबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की स्त्रीबीजांचा साठा वयाच्या मानानंही कमी आहे आणि दर वर्षी झपाट्यानं घटणार. लग्न पुढेमागे होणार असेल तर बीजं आत्ता काढून गोठवता येतील.

"मग मूल नक्की होईल?" पोकुआनं विचारलं.

"नक्की काहीच नाही," बाई म्हणाल्या. "काढू तितकी सगळी टिकत नाहीत, टिकतील तितकी सगळी रुजत नाहीत. पण आज आहेत ती आणखी तीन वर्षांनी नसतील, एवढं मी छातीठोक सांगते."

पोकुआ कितीतरी आठवडे त्यावर विचार करत राहिली. चर्चच्या पाळकबाबांना विचारलं तर ते म्हणाले, देवाच्या कामात बर्फ कशाला घालता. यांचे स्वतःचे जुळे कुठल्या दवाखान्यातून आले ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. मामांनी बीजं म्हणजे कोंबडीची अंडी समजून एक विनोद केला आणि स्वतःच हसले. मावशी तेवढी म्हणाली, तुझं शरीर आहे, दुखेल ते तुलाच दुखेल, तूच ठरव.

खरं तर पोकुआच्या मनात वेगळंच होतं. ही गोष्ट कानावर गेली की अड्डाई घाबरेल आणि म्हणेल, असलं काही नको, चल, लग्न करू. तेवढ्यासाठी ती एका संध्याकाळी त्याच्या त्या अर्धवट घरी गेली. मीही सोबत होते. तो विटांच्या ढिगावर बसून भाजलेली केळी आणि शेंगदाणे खात होता. तिनं सगळं सांगितलं. इंजेक्शनं, भूल, सगळं.

त्यानं शांतपणे घास गिळला. चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता हा खरंच उठून तिचा हात धरतो.

"हे फार बेस झालं," तो म्हणाला. "मग आता घाई कसली? वरचा मजलाही चढवून घेऊ."

आणि तिच्यापुढे शेंगदाणे केले.

परत येताना पोकुआनं वाटेत दुकानाचं कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाली, "गोठवते."

मी चिडले. म्हटलं, "त्या मेल्याला अजून सवड देतेस?"

"त्याला सोडायचंय. पण नंतर जो कुणी भेटेल त्याला भीतीपोटी धरायचं नाहीये. म्हणून."

रोजची इंजेक्शनं तिच्या पोटावर मीच टोचली. पोट फुगलं, चिडचिड वाढली. एकदा एका गवंड्यानं भावात घासाघीस केली तर त्याला पन्हळाचा तुकडा घेऊन मारायला धावली. बीजं निघाली ती अपेक्षेपेक्षा कमी. नार्टेबाई म्हणाल्या, आणखी एकदा करू या. पोकुआ म्हणाली, पुरे झालं. जी आली ती गोठवा.

त्यानंतर तिनं अड्डाईचे फोन घेणं बंद केलं. आता मात्र त्याला घाई सुटली. महिन्याभरातच, छप्पर नसतानाच, त्याची माणसं रिवाजाच्या जिन दारूच्या बाटल्या घेऊन भल्या पहाटे आमच्या दारात मागणी घालायला उभी राहिली. आत बोलावल्यावर त्यांच्या वतीनं बोलणारा म्हातारा ठरलेल्या थाटात म्हणाला, तुमच्या बागेत एक सुंदर फूल दिसलं, आणि आमच्या कानावर आलंय की फुलाचं बीसुद्धा तुम्ही जपून ठेवलंय. त्याची माणसं हसली. मामाही हसले.

रीतीप्रमाणे मामांनी पोकुआला समोर बोलावून विचारलं, या बाटल्या घ्यायच्या का? हा प्रश्न तीनदा विचारतात, आणि मुलीनं तिन्ही वेळा हो म्हणायचं असतं. 

पोकुआ म्हणाली, "नाही."

मामांना वाटलं, लाजतेय. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज इतका मवाळ झाला होता, की जन्मात मी त्यांना तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"मामा, आठ वर्षं यांचा मुलगा मला थांब म्हणाला, मी थांबले," पोकुआ म्हणाली. "तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय, मी तिसऱ्यांदा सांगते. बाटल्या परत न्यायला सांगा."

त्यांनी नेल्या. वर्ष सरायच्या आत अड्डाईनं तेवीस वर्षांच्या एका मुलीशी लग्न केलं. पत्रे दुसऱ्या दुकानातून घेतले. पहिल्याच पावसात एका खोलीत गळती लागली असं ऐकलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पोकुआ आता एकेचाळीस वर्षांची आहे. मनाजोगा माणूस भेटला नाही, म्हणून गेल्या वर्षी तिनं दात्याचं वीर्य घ्यायचं ठरवलं. मामांनी हात टेकले. बाप नाही तर बारशाला नाव कोण ठेवणार, म्हणाले. मी ठेवीन, ती म्हणाली. गोठवलेल्यांतली काही वितळवतानाच गेली. एक गर्भ पोटात ठेवला, पण तो राहिला नाही. तिनं दोन दिवस दुकान बंद ठेवलं, तिसऱ्या दिवशी उघडलं. थोडी बीजं अजून दवाखान्यात आहेत आणि नाताळ झाला की ती पुन्हा प्रयत्न करणार आहे.

मावशी रोज संध्याकाळी फुफूच्या गोळ्यांसाठी उकडलेले कसावाचे कंद कांडताना त्या बीजांची विचारपूस करते, परदेशात गेलेल्या नातवंडांची करावी तशी. बरी आहेत ना, थंडी जास्त नाही ना तिथे, असं. आणि पोकुआही तिला नीट उत्तर देते.