पुंजाजीची रिकामी सायकल

पुंजाजी माळ्याच्या पायात देवानं काय भरलं होतं, देव जाने. बसला तरी त्याचा टोंगया हालत राहे. पंगतीत बसला की शेजारच्याच्या द्रोनातली कढी सांडे. लग्नात अंतरपाट धरला, तं हा बुवा अक्षता पडायच्या आधीच वाकून पल्याड पाहून राह्यला होता. लोक हसले, म्हनले नवरदेव भलता उतावीळ. गिरजाबाई अजून सांगते, "मले पाह्याले नोयता वाकला. मांडवाच्या बाहीर कोनाची तरी नवी सायकल उभी होती, ते पाहून राह्यला होता मुडदा."

शिरपूरच्या शिवेवर त्याचं भाजीपाल्याचं वावर. चौदा वर्साचा होता तवापासून सायकलीच्या कॅरेजवर दोन पोते बांधून बाजाराले जाय. जाताना वांगे, मेथी, सांबार म्हनजे कोथिंबीर. येताना शेनखत, नाईतं सरपन, नाईतं कोनाची तरी म्हातारी. वीस-बावीस वर्सं झाले, रस्ता तोच अन् हाक बी तेच, "ओ वांगेवाले!" त्याले पुंजाजी नाव हाये, हे बाजारात अर्ध्या लोकायले माहीत नोयतं.

माहीत होतं ते दोघायले. एक कापड दुकानातला अजितकुमार. चोवीस वर्साचा जैनाचा पोट्टा, पांढरा लेंगा, अन् सायकल अशी पुसून ठेवे की तिच्या मडगाडात पाहून भांग पाडावा. दुसरा तांड्यावरचा सेवालाल, डाकवाला. त्याचं बोलनं पोस्टकार्डासारखं, थोडं पन उघडं. हे तिघं दर आइतवारी सायकली घेऊन गोटबर्डीवर जात. गोटबर्डी म्हनजे गावामांगची टेकडी, नावातच गोटे हाये. तिच्यावर चढायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं. कायले? तं काई नाई, असंच. लोक म्हनत, वांगेवाला, कापडवाला अन् डाकवाला, तिघं मिळून बिघडले.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर शेजारच्या मालेगावच्या पोट्ट्यांच्या एका मंडळानं शर्यत काढली. भोगीच्या दिवशी, शिरपुरातून निघायचं, गोटबर्डी चढायची, पल्याडून उतरायचं, अन् नाल्यानाल्यानं मालेगावच्या मैदानात. तिघांची टीम. अन् नियम असा, की ज्या टीमचा तिसरा गडी आधी पोचन, ते टीम पुढं.

झालं. तिसरा कोन, हे सांगायची गरज नाई.

कारन काय, की पुंजाजी पडे. चढ मस्त चढे, बैलावानी. उतार लागला की सायकल गोट्यावर उडे, मांगचं चाक इकडं, हा तिकडं. अजितची हलकी पोरासोरासारखी काया गोट्यायवरून निघून जाय, सेवालाल तं पाखरू. अन् हा बाभयीत. मार्गशीर्षात तो पाच खेपा पडला. गिरजाबाई काटे काढता काढता म्हने, "शर्यतीचं पोट्टे पाहून घेतीन, तू उभा राह्य, मले भोगीची भाजी तोडू लाग."

शेवटी अजितनं एक दिवस दुकानातून उठून त्याले बाजूले नेलं.

"पुंजाजीभाऊ, राग येऊ देऊ नोको."

"नाई येत. बोल लवकर."

"तू भोगीच्या दिवशी बर्डीच्या माथ्यावर पानी घेऊन उभा राह्य. तिसरा मी मायाच चुलतभाऊ घेतो, फूलचंद."

"काहून?"

"काहून काय! पडून राह्यला ना तू."

"एकडाव न पडता उतरून देल्ली तं?"

"तं तूच. पन भोगीच्या आधी."

पुंजाजी हाव म्हनला अन् बाजारात गेला. तिथं मेथी मांगनाऱ्या बाईच्या पिशवीत त्यानं वांगे टाकले, वांगे मांगनारीले सांबार देला, अन् दोघीयनं भांडन केलं तवा म्हनला, "घ्या ना बाई, सारं भाजीच हाये." त्याचं ध्यान कुठं होतं? बर्डीवर. आपल्या जाग्यावर फूलचंद. आइतवारी तिघं जातीन, अन् आपुन वावरात उभे. कोनी माथ्यावरून हाक नाई मारनार, "पुंजाजी, आला का बे?" जेवताना, बी टाकताना, मोट धरताना त्याले तेच दिसे. दोन डाव एकटाच जाऊन उतरून पाह्यलं. दोन्ही डाव पडला.

भोगी चार दिवसावर आली. गिरजाबाईचं माहेर बर्डीच्या पल्याड. तिची माय दुखनाईत होती म्हनून ते दोघं भेटून वापस येऊन राह्यले होते. पुंजाजी सायकलवर, गिरजाबाई मांगं कॅरेजवर, मांडीवर मायनं देलेल्या बोराची टोपली. चढ दोघं पायीच चढले, माथ्याच्या सपाटीवर गिरजाबाई पुन्हा मांगं बसली, अन् पुंजाजीनं खाली पाह्यलं.

खाली फूलचंद. सायकलीवर. बाजूले अजित अन् सेवालाल, त्याले वाट शिकवून राह्यले.

"थांब, मी उतरून घेतो," गिरजाबाई म्हनली.

तिचं बोलनं पुंजाजीच्या कानात गेलं, पन पायात काई पोचलं नाई. पाय सुटले होते.

बापा बापा, ते उतरनं! सायकल गोट्यावरून धाड धाड, मांगं गिरजाबाई त्याच्या कंबरेले मगरमिठी मारून. "थांब मुडद्या! मायी बोरं! मायी बोरं सांडून राह्यली! अवो माय, मारलं मले या मानसानं!" बोरं सांडत, शिव्या सांडत, दोघं बर्डीच्या पायथ्याशी येऊन उभे. उभे! पडले नाई. गिरजाबाईनं आधी उतरून त्याच्या पाठीत एक हानली, मंग टोपलीत पाह्यलं. सात बोरं उरली होती.

अजित धावत आला. "वहिनी, हा पडला कसा नाई?"

"पडन कसा?" गिरजाबाई पदर खोचत म्हनली. "बायको बसली होती ना मांगं. चौदा वर्साचा होता तवापासून हा मानूस रिकाम्या सायकलीवर बसला हाये का कदी? कॅरेजवर वजन नसलं की सायकल बी नाचते अन् हा बी नाचते."

सेवालाल म्हनला, "बरोबर."

"पन शर्यतीत वहिनीले कसं नेनार?" अजितनं इचारलं.

"मी काय पोतं हाओ? गाजरं ने म्हना त्याले. तसंई भोगीच्या दिवशी बाजार बुडवून राह्यला."

फूलचंदनं सायकल उचलली अन् सिधा घरी गेला. त्याले बी बरंच वाटलं असन.

भोगीच्या सकायी शिरपूरच्या बसठेशनासमोर पंधरा गडी उभे, पाच टीमा. चौदा सायकली रिकाम्या, अन् पंधराव्या सायकलीवर गाजराचे दोन पोते, दोन्ही बाजूनं लोंबते. मंडळाचा शिट्टीवाला आला. "ओ भाऊ, बाजार तिकडं हाये."

"मी टीमचा तिसरा हाओ," पुंजाजी म्हनला. त्याचा एक पाय आधीच पायडलवर होता.

शिट्टी वाजली. चढावर पुंजाजीचे हाल कुत्रं खाईना. रोज गाडीवाटेनं वजन नेनं येगळं, अन् बर्डीवर नेनं येगळं. अर्ध्यातून उतरून ढकलत गेला. माथ्यावर पोचला तं पंधरावा होता. मनात म्हने, अजित खाली वाट पाहत असन, सेवालाल खाली वाट पाहत असन, अन् मायामुयं टीम शेवटी.

उतारावर कोनी सायकल खांद्यावर घेतलेली, कोनी गोट्यात बसलेला, कोनी बाभयीत. पुंजाजीनं पाय उचलले. दोन्ही पोते मांड्यायले असे चिकटले जसे त्याचेच लेकरं. सायकल जमिनीले धरून निघाली. ब्रेक कवाचाच कामातून गेला होता, त्यानं टायरची चप्पल चाकावर दाबली. जयक्या रबराचा वास सुटला. एक मांगं पडला, चार मांगं पडले, आठ मांगं पडले.

नाल्यापाशी खरं संकट आलं. सुगडं भरायले बाया गाजर-बोरं पाह्यत उभ्या होत्या. त्यायनं पोते पाह्यले.

"ओ गाजरवाले! थांबा ना!"

अन् पाय थांबले. वीस वर्साची सवय, हाक आली की पाय थांबनारच. पुंजाजीनं आपल्याच पायाले शिव्या देल्या.

"बाई, मी शर्यतीत हाओ!"

"असा ना. गाजरं कशी देल्ली?"

दोन गडी बाजूनं निघून गेले. पुंजाजीनं पोत्यात हात घातला, ओंजयभर गाजरं बाईच्या पदरात टाकली. "घ्या, वान समजा!" अन् सुटला. मांगून बाई धावून राह्यली, "पैसे तं घ्या हो!" ते दोन गडी त्यानं पुढच्या वयनावर धरले अन् सोडले.

मैदानात पोचला तवा अजित अन् सेवालाल उड्या मारून राह्यले होते. दुसऱ्या नंबरची टीम!

पन कामरगावच्या टीमचा हिरालाल बोंबलला, "हा वजन घेऊन आला! उतारावर वजनाचा फायदा झाला याले! यायले बाद करा!"

पंच निंबाखाली बसले. अजित म्हनला, "भाऊ, बस इथं, होते सारं बरोबर." पुंजाजी बसला. उठला. मैदानातल्या मांडवाले एक चक्कर मारली, दुसरी मारली. पंच कागद पाहून राह्यले, डोकं खाजवून राह्यले. दोघायची मेहनत आपल्या गाजरामुयं वाया, हे ऐकायले आपुन इथं बसाव का? त्याच्यानं ते होनं नोयतं. त्यानं सायकल घेतली अन् शिरपूरच्या रस्त्याले लागला.

कोसभर गेला नाई तं मांगून माईक वाजला, "पुंजाजी... पुंजाजी माळी..." पुढचं वाऱ्यानं नेलं. झालो बाद, पुंजाजी म्हनला, अन् अजून जोरात निघाला.

मांगं वयून पाह्यलं तं अजित! टीमचा सगयात जोरदार गडी, पांढरा लेंगा फडफडवत. "अबे थांब!" पुंजाजी कायले थांबते. उतार होता, अन् अजितच्या बापानं बी त्याले उतारावर धरलं नसतं. शेवटी चढ लागला तवा अजितनं सायकल बाजूले आनली.

"थांब ना रे, मायबाप!"

"थांबत नाई. चालता चालता सांग. बाद झालो ना?"

"कायचा बाद! पंच म्हनले, चढावर बी तेच वजन होतं, तवा काहून नाई बोंबलले? दुसरा नंबर आपला."

"मंग मांगं काहून येऊन राह्यला?"

"फोटो काढनं हाये. फोटोवाला म्हनला दोघांचाच काढतो. सेवालाल म्हनला, तिघं."

"सेवालाल बोलला?"

"हाव. तिघं, म्हनला, अन् फोटोवाल्याच्या डब्यासमोर आडवा उभा हाये."

पुंजाजीनं तिथंच सायकल फिरवली.

तो फोटो अजितनं दुकानात लावला, धोतरजोड्याच्या वर. एका बाजूले अजित, एका बाजूले सेवालाल, दोघं खांबावानी सरळ. अन् मधात काईतरी पुसल्यासारखं, धुकं म्हना नाईतं भूत म्हना. गिऱ्हाईक इचारत, "अजितशेठ, हे मधात काय हाये?"

अजित कापड मोजता मोजता म्हने, "तो पुंजाजी हाये. आमचा तिसरा गडी. हालला."