मला बिब्बा उततो

मला बिब्बा उततो. एवढं एक वाक्य ऐकून घ्यायला सरकारी डॉक्टरला वेळ नव्हता आणि माझ्या सख्ख्या काकाला गरज नव्हती. त्या दोघांपायी मी पलटणीतून हाकलला गेलो आणि माझी आई चुलीवरून. लोक म्हणतात, जाऊ द्या हो, म्हातारपणी कशाला उगाळता. कशाला म्हणजे? ज्याचं जळतं त्याला कळतं. मी उगाळणार.

आता शहरात वाढलेल्या पोरांना बिब्बा ठाऊक नसतो म्हणून सांगतो. आमचं गाव अमरावतीकडं, धनजच्या पलीकडं. तिथं घरोघरी कोनाड्यात चार काळे बिब्बे पडलेले असायचेच. बिब्बा दिव्यावर तापवायचा, सुईनं टोचायचा, की काळं तेल सुटतं. त्याचा ठिपका दुखऱ्या जागी द्यायचा. कंबर धरली, लाव बिब्बा. टाच फुटली, लाव बिब्बा. लेकराला नजर लागली, काढ बिब्ब्याची फुली. बहुतेकांना त्यानं काही होत नाही. पण एखाद्याच्या अंगाला तो सोसत नाही. ठिपका गव्हाएवढा आणि सूज हातभर, वर फोड, फोडांतून पाणी, आणि ते वाळलं की महिनोन् महिने राहणारे काळे-पांढरे चट्टे. याला आम्ही म्हणतो, बिब्बा उतला. मला तो पाळण्यात असतानाच उतला होता. आई ते कधी विसरली नाही.

वडील मी लहान असतानाच गेले. आम्ही दोघं काकांच्या घरात राहत होतो. घर म्हणजे आमचंही होतं, वावरात वडिलांचा वाटाही होता, पण विधवेला वाटा कोण विचारतो! आईची त्या घरातली जागा म्हणजे चूल. दोन्ही वेळची सगळ्यांची भाकर तिच्या हातची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर ती अशी थापायची की तव्यावर टाकली की टम्म फुगलीच पाहिजे. काका पाहुण्यांना ओढून ओढून जेवायला बसवायचे आणि सांगायचे, "माह्या वैनीच्या हातची भाकर खाऊन पाहा, मंग बोला." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

मी अमरावतीला राहून इंटर झालो. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि मी पलटणीत कारकुनी हवालदार म्हणून लागलो. पहिल्या रजेवर घरी आलो तेव्हा प्रवासानं कंबर आणि खांदा पार आखडून गेला होता. काकांनी लगेच दिवा मागवला.

आई धावत आली. "भाऊजी, त्याले बिब्बा नोका लावू. त्याले उतते."

"थे लहानपनची गोठ झाली, वैनी. आता पलटनीतला गडी हाय थो. चाल रे, काढ सदरा."

"भाऊजी, मी सांगून राह्यली ना..."

"तुमी भाकर पाहा बरं आपली!"

मी सदरा काढला. मोठ्या माणसाचा शब्द कोण मोडणार? काकांनी पाठीवर, खांद्यावर आणि उजव्या दंडावर मोठ्या प्रेमानं ठिपके दिले. प्रेम होतं, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी मी ढोलासारखा सुजलो. आईनं खोबरेल चोळलं, कोथिंबिरीचा रस लावला. काका म्हणाले, "उष्णता हाय अंगात."

रजा संपली. चट्टे घेऊन छावणीत हजर झालो. तिथं नेहमीची तपासणी होती. गोरा डॉक्टर, नवाच आलेला. माझं बनियन त्यानं हातानं उचललं नाही, पेन्सिलीच्या टोकानं उचललं. एक पाऊल मागं सरला. मी त्याला त्याच्याच भाषेत, नीट, व्याकरणशुद्ध सांगितलं की साहेब, हे एका झाडाच्या फळाचं तेल आहे, मला ते सोसत नाही. तो म्हणाला, कारकुनानं रोगाचं निदान करू नये. आणि लिहायला वाकला. वाकला तेव्हा त्याच्या कॉलरच्या आतली काळी खूण मला स्वच्छ दिसली. धोबी कपड्यांवर खुणा करतात ना, त्या बिब्ब्याच्या तेलानंच करतात, धुऊन जात नाही म्हणून. ज्या बिब्ब्यावर विश्वास नव्हता तो बिब्बा हा गडी गळ्याशी घेऊन फिरत होता! आणि लिहिलं काय, तर महारोगाचा संशय. नोकरीतून कमी. चार दिवसांत माझं बिऱ्हाड गुंडाळून मला गाडीत बसवलं, डब्यातही एका कोपऱ्यात.

गाडीत मला राग होता, पण भीती नव्हती. मनात म्हटलं, साहेबाला काय कळतं? आपल्या गावी जाऊ. बिब्बा लावणारीच माणसं ती, पोट धरधरून हसतील. म्हणून गेल्या गेल्या मी अंगणात सगळ्यांदेखत खरं काय झालं ते सांगून टाकलं.

कोणी हसलं नाही. काकूनं आपली पोरं पदराखाली ओढली. काका माझ्या दंडाकडं पाहून म्हणाले, "सरकारचा डाक्टर खोटं काहून सांगंन? एवढा शिकेल मानूस!"

"काका, बिब्बा तुम्हीच लावला होता. या हातांनी!"

"लावला ना. पर बिब्बा असा उतत नाही. थे काईतरी दुसरंच हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं, आणि कधी न पाहिलेल्या साहेबाचं खरं. त्याच संध्याकाळी माझी बाज गुरांच्या कोठ्यात गेली. माझी थाळी वेगळी, गडू वेगळा. जे मित्र माझ्या ताटातली भाजी पळवायचे ते रस्त्यानं येताना मला पाहून वावराच्या वाटेनं उतरायचे.

आई माझं ताट घेऊन कोठ्यात आली. ताट खाली ठेवलं, समोर बसली आणि माझ्याच ताटातला घास मोडून तोंडात घातला. मी म्हटलं, "आई, कोणी पाहील." ती म्हणाली, "पाहू दे ना."

काकूनं पाहिलं. सकाळी आई चुलीपाशी गेली तर काकू आडवी उभी. "बाई, तुमी आता भाकर नोका थापू. लेकराबाळाचं घर हाय." आईनं काकांकडं पाहिलं. काका दात घासत होते, घासतच राहिले. आईनं माहेराहून आणलेला आपला तवा उचलला आणि कोठ्याबाहेर तीन दगड मांडले.

माझ्यापुरतं मी सोसलं असतं. पण माझी आई, जिच्या भाकरीचं कौतुक काका पाहुण्यांना ऐकवत होते, तिच्या हाताला विटाळ? घर फिरलं की वासेही फिरतात हे ऐकून होतो, पण वासे असे टाळक्यात पडतात हे तेव्हा कळलं. आणि दुसरंही एक कळलं, ते तर मला झोपू देत नव्हतं. समजा, मला खरंच महारोग असता तर? तर हे सगळं बरोबर झालं असतं का? जवळच्या कारंज्याच्या बाजारात एक बोटं झडलेला म्हातारा बसायचा. लोक लांबूनच त्याच्यापुढं पैसा फेकायचे, मीही फेकला होता. त्याचीही कुणीतरी आई असेलच की. तिलाही कुणी तीन दगडांवर बसवलं असेल.

गावात चहा मिळेना म्हणून मी कारंज्याला जाऊन बसू लागलो. तिथं एका जैन व्यापाऱ्याचं दुकान होतं. मोहफुलं, डिंक, गोडंबी, बिब्बे यांची पोती दारापर्यंत. मी बाही वर करून घाम पुसत होतो तर शेठ गादीवरूनच म्हणाले, "बिब्बा उतला वाटते तुमाले?"

इतक्या महिन्यांत हे म्हणणारा पहिला माणूस!

"रडता कायले बाप्पा? आमच्या हमालाईले दर साली उतते. त्यात काय!"

त्यांच्याच दुकानात मी वर्तमानपत्रात वाचलं की फौजेला अफसर हवेत, शिकलेले तरुण हवेत. आई म्हणाली, "पुन्हा त्याईच्याच दारात जातं?" मी म्हटलं, हो, त्याच दारात जातो, पण आता कारकुनीला नाही. कारकून म्हणून गेलो तर पुन्हा कुणीतरी पेन्सिलीनं बनियन उचलेल. अफसर होऊन येतो, आणि तुला त्या चुलीपाशी नेऊन बसवतो. बघतो कोण आडवं येतं ते. ती म्हणाली, "जाय मंग." आणि तोंड फिरवून चुलीत फुंकर घालू लागली.

मुलाखती पार पडल्या. शेवटी पुन्हा डॉक्टर. हा दक्षिणेकडचा होता, काळासावळा, तापट. आधीची नोंद वाचून त्यानं विचारलं, "महारोग लिहिलंय इथं. तुझं काय म्हणणं आहे?"

माझं डोकं सणकलं. "म्हणणं काही नाही, साहेब. दिवा आणि सुई द्या." खिशातून शेठच्या दुकानातला बिब्बा काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, "आणि तुमच्या कॉलरच्या आत बघा. तिथंही हाच आहे."

त्यानं खरोखर कोट काढून कॉलर उलटी केली. मग स्पिरिटचा दिवा स्वतः पेटवला. मी बिब्बा तापवला, टोचला आणि कोऱ्या डाव्या हातावर ठिपका दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसलंच काम. पण लाज कोणाला होती? त्यानं मला तिथंच ठेवून घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजला, फोड आले. डॉक्टर बघत राहिला. मग त्यानं जुन्या चट्ट्यात टाचणी खुपसली. मी "आई गं!" म्हणून केवढ्यानं ओरडलो.

तो हसला. "महारोगाच्या चट्ट्याला टाचणी कळत नाही. तुला तर फारच कळते." आणि सही ठोकली.

म्हणजे एका टाचणीचं काम होतं! एक टाचणी पहिल्या साहेबानं टोचली असती, तर माझी आई उन्हापावसात तीन दगडांवर भाकर थापत बसली नसती. लाखोंचं सैन्य चालवतात, आणि एक टाचणी नाही?

पुढं अफसरीचं शिक्षण झालं, खांद्यावर तारा लागला. तिथल्या धोब्याला मी पहिल्याच दिवशी बजावलं, माझ्या कपड्यांना बिब्बा लावलास तर खबरदार. माझ्या कपड्यांना लाल दोऱ्याची खूण असायची, शेवटपर्यंत.

युद्धावर जाण्याआधी रजा मिळाली. कारंज्याला छोट्या रेल्वेगाडीतून उतरलो तर काका बैलांची दमणी जुंपून हजर! गावाच्या शिवेवर डफडं. काकांनी हार घातला आणि सगळ्यांसमोर मला छातीशी कवटाळलं. "आमचा पोरगा सायेब झाला!" आता गंमत बघा. चट्टे होते तिथंच होते. उलट डाव्या हातावर एक ताजा वाढला होता. पण तारा पाहिला आणि कुणालाच चट्टा दिसेना. सरकार म्हणालं महारोगी, तर मी महारोगी. सरकार म्हणालं साहेब, तर मी साहेब. थुत् तुमच्या डोळ्यांना!

दुपारी जेवणं होती. काका मोठ्यानं म्हणाले, "वैनी, आज भाकर तुमच्याच हातची पाह्यजे. पाहुन्याईले सांगून ठेवलं मी." काकू चुलीपासून बाजूला झाली. आईनं हात धुतले, आपला तवा आणला, चुलीवर ठेवला. भाकरी टम्म फुगत होत्या. पंगत वाहवा करत होती. काकांनी तिसरी मागून घेतली.

मला राहवेना. मी वर्दीतच उभा राहिलो. "काका, हात तेच आहेत. काल विटाळ होता, आज चव आली?"

काका भाताशी चाळा करत म्हणाले, "झालं गेलं. आमची काय चूक? डाक्टरानंच तसं सांगितलं."

आईनं त्यांच्या ताटात चौथी भाकर वाढली. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत तिनं वाढलं, कुणाला कमी पडू दिलं नाही. मग काकू म्हणाली, "बाई, तुमी बी बसा ना आता इथंच."

आईनं आपलं ताट उचललं. "नाही वं. या घरातलं अन्न मले आता उतते." आणि कोठ्याकडं चालू लागली. मी तिच्यामागं गेलो आणि आम्ही दोघं एका ताटात जेवलो.

शेठनी कारंज्याला आपल्या घरामागच्या दोन खोल्या द्यायचं कबूल केलं होतं. सकाळी बैलगाडीत ट्रंक आणि पीठकुटाचे डबे चढवले. काका धोतर सावरत धावत आले. आदल्या दिवशीचा सगळा रुबाब उतरला होता.

"वैनी, असं घर सोडून चालल्या तं लोकं काय म्हनतीन?"

आई गाडीत चढून बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, मले कोठ्यात ठेवलं तवा गावात लोकं नव्हते काय?"

आईनं तवा मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "हाक गाडी."