धुक्यातल्या दोन थाळ्या

अशा सदरांतले अनुभव मी वाचतो, पण हातात पेन्सिल असल्यासारखा... कुठे अंतर जुळत नाही, कुठे वेळ जुळत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि आजही ‘आहे’ असं म्हणवत नाही. तरी हे लिहितोय, कारण यात मला चूक सापडलेली नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. राहायला सानपाड्याला, कंपनीत कॉस्टिंगचं काम. बायको वनिता बोनकोड्याची, तिचे वडील खाडीत मासेमारी करायचे. मला पोहता येत नाही. त्या दिवाळीत तारकर्लीला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग केलं, तेवढाच माझा पाण्याशी संबंध. परत आल्यावर वाटलं, मासे बघायला इतक्या लांब गेलो आणि घरामागच्या खाडीतले फ्लेमिंगो मात्र पुलावरूनच बघतो.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघं कोपरखैरण्याच्या मागे खाडीवर गेलो. जुन्या मिठागराचा मातीचा बांध तिथून आत जातो – दोन्हीकडे चिखल आणि तिवरं, टोकाला उघडी खाडी. भरतीची वेळ मी मोबाईलवर बघून ठेवली होती. परतायला पुरेसा वेळ होता. टोकाला पक्षी खरंच जवळ होते, आणि त्यांचा कलकलाट क्षणभरही थांबत नव्हता. मी व्हिडिओ सुरू केला.

तेवढ्यात धुकं उतरलं. बघता बघता पक्षी दिसेनासे झाले, नुसता आवाज राहिला. फोन मी शर्टाच्या खिशात टाकला. बांधाच्या कडेने पाणी वर चढत होतं.

“अहो, काल पौर्णिमा होती ना?” वनिता म्हणाली. “उधाण आहे हे. भरती कधी ते बघितलंत, पाणी किती चढणार ते बघितलं का?”

नव्हतं बघितलं.

“धन्य आहे तुमची! आणि म्हणे आकड्यांत हुशार,” असं म्हणून ती बूट हातात घेऊन चालायला लागली.

थोडं पुढे बांधाला फाटा लागला. येताना तो लक्षातच आला नव्हता; मागून येऊन मिळणारी वाट पुढे बघत चालणाऱ्याला दिसत नाही. आता दोन्ही फाटे धुक्यात शिरत होते आणि दोन्हींवर पाणी आलं होतं. वनिताच्या फोनमधल्या मॅपवर बांध नव्हतेच, आमचा ठिपका निळ्या रंगाच्या मधोमध. चुकीच्या फाट्याने गेलो असतो तर परत फिरायला बांध पाण्यावर राहिला नसता. त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो.

तेव्हा डावीकडून थाळी वाजली. टण, टण, टण. अगदी जवळून.

“कोणीतरी आहे!” म्हणत मी वळलो, तर वनिताने मागून माझा शर्ट धरला.

“तिकडं नाय जायाचा.”

“अगं, समोर आवाज येतोय...”

“आपली थाली नाय ती.”

लग्नाला वीस वर्षं झाली, पण माझ्याशी ती तिच्या गावच्या बोलीत कधी बोलत नाही. ती घाबरली होती. मग घाईघाईने तिने सांगितलं. पूर्वी धुकं पडलं की गावातल्या बायका किनाऱ्यावर काशाची थाळी वाजवायच्या, होडीतल्या माणसाला दिशा कळावी म्हणून. प्रत्येक घराचे ठोके वेगळे. वनिताच्या माहेरचे दोन, मग थांबून एक. होडी लावायची जागाही ज्याची त्याची वेगळी, म्हणून माणसाने आपल्याच थाळीकडे यायचं, दुसऱ्याच्या नाही. डावीकडचे ठोके सलग तीन होते.

“वनिता, आता कोण होडीने येतंय? पाणी घोट्याच्या वर आलंय.”

“मग जावा एकटे.”

गेलो नाही. उभे राहिलो. पाणी पोटऱ्यांना लागलं. डावीकडची थाळी वाजतच होती. मग उजवीकडून, फार लांबून... दोन. आणि एक.

“आई,” वनिता एवढंच म्हणाली.

तिच्या ओढणीचं टोक धरून मी उजवीकडे चालत राहिलो. गुडघाभर पाण्यातून आम्ही रस्त्यावर चढलो. धुकं विरळ झाल्यावर मागे पाहिलं, तर डावा बांध मधेच फुटलेला होता आणि त्या भगदाडातून खाडी आत घुसत होती.

तसेच जवळच बोनकोड्याला, वनिताच्या माहेरी गेलो. सासूबाई टीव्हीसमोर मटार सोलत होत्या.

“आई, थाली वाजवलीस तू?”

“कंची थाली? ती कवाच मोडीत घातली. तुजा बाप गेल्याव कोनासाठी वाजवू?” मग माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, “जावईबापू, भाईर पाय धुवा. लादी आताच पुसलीय.”

पाय धुऊन आलो आणि टीपॉयवर बोटाने सलग तीन ठोके वाजवून दाखवले. त्यांचा हात थांबला.

“ही तं शेजारची भागी. तिचा नवरा धुक्यान गेला तो आलाच नाय. मंग ती ऊन असला तरी वाजवत बसायची.”

“आता कुठे असतात त्या?”

“कवाच गेली.”

घरी आल्यावर कळलं, खिशातला व्हिडिओ रस्त्यावर आल्यानंतरही चालूच राहिला होता. हेडफोन लावून मी तो कितीतरी वेळा ऐकला. त्यात थाळी नाही. पक्ष्यांचा कलकलाट आहे, माझा आवाज आहे, “आपली थाली नाय ती” स्पष्ट आहे. पण कलकलाट मधे मधे तुटतो. तीन छोट्या रिकाम्या जागा, मग पुन्हा तीन. पुढे त्यांच्यातच आणखी काही जागा जाणवायला लागतात – दोन, आणि एक. आवाजाचं काम करणारा एक मित्र म्हणाला, फोन काही आवाज आपोआप गाळतो. असेल. पण मग गाळलेला आवाज होता कुणाचा?

दोन-एकच्या जागा आम्ही रस्त्यावर चढल्यावर बंद होतात. आपण पोचलो हे वाजवणारीला कळलं असावं, असं वनिता म्हणते.

तीनच्या जागा मात्र व्हिडिओ संपेपर्यंत आहेत.