प्रज्ञाच्या गिटारीची घूं

आमच्या गायन पार्टीची प्रॅक्टिस माह्या ओसरीवर होते. सारे गेले का दाराशी कोनाची तरी चप्पल उरते, अन् ओसरीवर एखादा किस्सा. चप्पल ज्याची तो घेऊन जाते. किस्से माह्याचपाशी राह्यतात! आता ठेवाले जागा नाई, म्हनून सांगून राह्यली.

पार्टी म्हंजे तीन मानसं. माहा भाचा सिद्धार्थ गाते. दिलीप ढोलकी वाजवते. अन् माही नात प्रज्ञा, पुसदले कॉलेजात शिकते, ते गिटार वाजवते. करंटवाली गिटार, कोनाची तरी जुनी घेतलेली. मी चौथी. मी चहा करते अन् खोड्या करते.

*

पयल्या दिवशी पोरीनं गिटारीची वायर स्पीकरच्या डब्ब्याले लावली अन् डब्ब्यातून आवाज निंघाला. घूंऽऽऽ! गिटारीले हात बी लावला नव्हता कोनी. मी गेली, निंबाचा पाला पेटवला अन् धूर घेऊन आली.

"आजी, हे काय वो?"

"गांधीलमाशा हायेत ना आत. धुरानं जातीन."

"माशा नाई वो, करंटचा आवाज हाय!"

मले मालूम होतं ना! पन पाला पेटलाच होता, वाया कायले घालवा? सिद्धार्थले देल्ला धूर. गानारा मानूस, दोन दिवस खोकलला!

*

सिद्धार्थ गाते चांगला, खोटं कायले बोलू. पन घमेंड लय! पेटी घे म्हनलं का म्हनते, "मले पेटी नाई लागत आत्या. सूर माह्या पोटात हाय." अन् खरंच, गिटारीची वायर लागली, घूं सुरू झाली, का हा डोये मिटते, छातीवर हात ठेवते, अन् एकदम सूर लावते. बरोब्बर! कोनी देल्ला नाई, कोनाले मांगला नाई!

*

मारेगावले मे महिन्यातलं लगन होतं, भर दुपारचं. पोरीनं वायर लावली. घूंऽऽऽ! नवरीचा मामा उठला. "कूलर लय आवाज करून राह्यला. बंद करा गा."

एक कूलर बंद केला. घूं चालूच. दुसरा बंद केला. चालूच! मंग पंखे बी बंद केले. लोकायच्या सदऱ्यातून पानी निथरून राह्यलं, अन् घूं तशीच! तं मांगून एक म्हातारा वरडला, "आता सूर्य तेवढा राह्यला! तो बंद करा!"

लोक हासले. सिद्धार्थ नाई हासला. गाडीत बसल्या बसल्या म्हने, "उमरखेडच्या कार्यक्रमात घूं आली तं गिटार घरी! मी कीबोर्डवाला आनीन."

पार्टीत पोरगी घ्याले तो पयलेच कुरकुरत होता. एकडाव घरी बसली का बसलीच. प्रज्ञा जेवली नाई त्या दिवशी. गिटार मांडीवर घेऊन बसली होती, वाजवत बी नव्हती.

*

मंग एक दिवस मले गंमत सापडली. वायर लावून गिटार खाटेवर ठेवली होती, घूं करून राह्यली होती. म्या तारेवर बोट ठेवलं. घूं कमी! बोट उचललं. घूं वाढली!

म्या साऱ्यायले बोलावलं. "पाहा! मोठ्या मानसाचं ऐकते. तुमच्यापेक्षा गुनाची हाय."

दिलीप म्हने, "मंग उमरखेडले आत्यालेच गिटारीले बांधून नेऊ."

म्हनलं, "ने ना! पन गाडीत खिडकीपाशी मी बसीन."

*

प्रज्ञानं मोबाईलवर पाह्यलं. गिटारीच्या पोटात खड्डे राह्यतात, त्याले आतून पन्नी लावा लागते म्हने. मंग बाहेरच्या करंटचा आवाज आत शिरत नाई. तांब्याची पाहिजे होती. तांब्याची कुठची आनू? पोया गुंडाळाची चमकती पन्नी होती घरात, ते देल्ली.

पोरीनं स्क्रू खोलले, सारे खड्डे पन्नीनं मढवले, पन्नीले वायर जोडली, पुन्हा बंद केलं. वायर लावली तं... चूप! एकदम चूप! दिलीप नाचाले लागला. सिद्धार्थ बी म्हने, "वा!" म्या चहात डबल साखर टाकली.

चहा पेल्यावर पोरीनं तार छेडली. ते बी चूप! दुसरी छेडली. चूप! पन्नी आतल्या आत वायर खोसाच्या जागी चिपकली होती. घूंसंगं गिटार बी मुकी झाली होती.

म्या म्हनलं, "बाप्पा! म्हातारीचं घोरनं बंद कराले गेले अन् म्हातारीच गेली!"

साऱ्यायनं माह्याकडं पाह्यलं. म्हनलं, पाहू नका, मी हाय अजून.

*

मंग त्या जागी काया टेप लावला, अन् खरंच जमलं. तार वाजे, अन् हात उचलला का चूप. प्रज्ञाच्या डोयात पानी आलं. माह्या बी जिवावरचा गोटा उतरला. पन मले जास्त येळ बरं वाटलं का हात खाजवतात.

ते घूं इतके दिवस ऐकून माह्या नाकात बसली होती. सैपाकघरात कपबशा धुता धुता तोंड बंद करून म्या केलं, घूंऽऽऽ!

"आली!" सिद्धार्थ वरडला. "तेच हाय! तेच!"

पोरीनं स्क्रू खोलले. पन्नी पाह्यली. पुन्हा बंद केलं. म्या पुन्हा केलं. पुन्हा खोलले! दिलीप म्हने, टेपच बेकार हाय. पोरगी रडाच्या घाईले आली, अन् म्या मनात म्हनलं, आता एकच डाव अन् बस. लावली घूं!

तेवढ्यात लाईट गेली.

डब्बा बंद, पंखा बंद. अन् घूं चालूच!

साऱ्यायच्या माना सैपाकघराकडं फिरल्या. मंग हयूच आवाज आला, "आजीऽऽ!"

*

दुसऱ्याच दिवशी उमरखेडले मी पयल्या रांगेत, स्टेजाच्या पायथ्याशीच बसली होती. मंडपात लय लोक. प्रज्ञानं वायर लावली. मी पदर मुठीत धरून बसलेली. घूं नाई! सुईयेवढी बी नाई! पोरगी माह्याकडं पाहून हासली. म्या तवा कुठं मुठीतला पदर सोडला.

सिद्धार्थ माईकपाशी आला. डोये मिटले. छातीवर हात ठेवला. तोंड उघडलं... अन् बंद केलं. पुन्हा उघडलं. सूर असा निंघाला का जसं बकरू काट्याच्या कुपात अटकलं! खोकल्याचं निमित्त केलं. प्रज्ञानं एक तार छेडून देल्ली. यानं मान हालवली, हे नाई. दुसरी देल्ली. हे बी नाई. लोक कुजबुजाले लागले. दिलीप ढोलकीवर हात ठेवून वाट पाहून राह्यला.

सिद्धार्थ घामाघूम. माईकवर हात दाबला, स्टेजाच्या काठाशी वाकला, अन् मले हयूच म्हने, "आत्या... जरा घूं कर ना वो."

म्हनलं, "गिटार घरी राहीन का पार्टीत राहीन?"

"पार्टीत आत्या, पार्टीतच! कर ना!"

म्या पदर तोंडाले लावला.

घूंऽऽऽ!

सिद्धार्थनं डोये मिटले, छातीवर हात ठेवला, अन् सूर लावला. बरोब्बर!